एक वाजेपर्यंत

महाराजपूर, जबलपूर
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

विभावरीताईंना, दीप्ती आढावचा सलाम.

पाकिटावर मुद्दामच माझं नाव लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही ते उघडलं नसतं. फोनवर तुम्ही माझा नंबर बंद केला आहे, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. राहुरीचा पत्ता चिसोम्बेच्या दवाखान्यातल्या तुमच्या जुन्या अर्जावरून घेतला.

मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर घरी आले आहे. मलावीला गेल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदाच. तीन डिसेंबरचं परतीचं तिकीट आहे. मम्मी गेली तेव्हा आले नव्हते, ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "जा बाई, काम कुठे पळून जात नाही." मीच गेले नाही.

घरी पप्पा एकटे असतात. फॅक्टरीतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण अजून सकाळचा भोंगा झाला की घड्याळ पाहतात. स्वयंपाक स्वतः करतात. पुढच्या खोलीत आपल्या मिशन मंडळाच्या पत्रिकेचं ऑगस्टचं पान फ्रेम करून लावलंय. आंब्याखाली मी उभी आहे, हातात पुस्तक आहे आणि समोर लोकांचे वर झालेले हात. खाली छापलंय, 'कालुंबा गावात एका दिवसात सदतीस आत्मे.' येणाऱ्या प्रत्येकाला पप्पा आधी ते दाखवतात, मग पाणी विचारतात.

येत्या रविवारी मला चर्चमध्ये साक्ष द्यायची आहे. पाद्री आलोक साहेब काल घरी येऊन गेले. म्हणाले, "बस वही सैंतीस वाली बात बता देना, दीदी. लोगों का विश्वास बढ़ता है." मी हो म्हटलं.

पत्र लिहायचं कारण एवढंच. ती गोष्ट आठ जूनची आहे, आणि आठ जून तुमचाही दिवस होता. मी सभेचा भाग सांगेन, दवाखान्याचा सांगणार नाही. तुमची हरकत असली तर कळवा. त्या दिवशी कालुंबाला नेटवर्क नव्हतं, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

पप्पांचा नंबर खाली देते आहे.

दीप्ती

मंगळवार, १९ नोव्हेंबर

विभावरीताई,

कालचं पत्र आज सकाळी अधारतालच्या पोस्टात टाकलं. हे उद्या टाकीन. पत्रं तुमच्यापर्यंत पोचायला चार-पाच दिवस लागतील, म्हणजे रविवारच्या आधी तुमचं उत्तर येणार नाही. हे मला काल लिहितानाही माहीत होतं.

आज दुपारी महिला समाजाची बैठक आमच्याकडे होती. अकरा बायका आल्या होत्या. आपल्या दवाखान्यातल्या बाळांसाठी त्या लोकरीच्या टोप्या विणून राहिल्या आहेत. विनताकाकूंनी विचारलं, तिथे महिन्याला बाळंतपणं किती होतात? तीस-चाळीस, मी म्हटलं. आणि करतं कोण? "एक सिस्टर होत्या, महाराष्ट्रातल्याच. आता दुसऱ्या आल्यात." होत्या म्हणजे आता कुठे आहेत, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रविवारसाठी मी सगळं क्रमाने लिहून काढलं. तुम्हीही वाचा आणि चुकलं असलं तर सांगा.

आठ जून, शनिवार. एक बाई कळा येऊन पहाटे दाखल झाली. तिचं हे तिसरं बाळंतपण. दवाखान्याची पिकअप एकच. प्रमुख तुम्ही, त्यामुळे गाडीच्या वहीत सही तुमची. आठ वाजता मी आणि ड्रायव्हर यामिकानी कालुंबाला निघालो. त्या गावच्या मुखियाने तीन वर्षांत पहिल्यांदाच सभेला बोलावलं होतं. रस्ता दीड तासाचा. सभा अपेक्षेपेक्षा लांबली. लोक उठेनात. शेवटी सदतीस जणांनी येशूला स्वीकारतो म्हणून हात वर केले. साडेचारला निघालो, सहाला चिसोम्बेला पोचलो. दुपारी बाळ झालं होतं, मुलगी, सुखरूप. पण बाईचं रक्त जाणं थांबलं नव्हतं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. ती तीन वाजताच गेली असं मला नंतर सांगण्यात आलं. म्हणजे मी वेळेवर निघाले असते तरी

हे वाक्य अर्धवट राहिलं. 'वेळेवर' खोडणार होते. मग म्हटलं, राहू दे.

चौकशीत मंडळाने सगळं तुम्हालाच विचारलं. मला फार काही विचारलं नाही. तुमचा करार संपवतील, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

इथे आता सकाळी स्वेटर लागतो.

दीप्ती

बुधवार, २० नोव्हेंबर

विभावरीताई,

आज नर्मदेवर, ग्वारीघाटला गेले होते, गीतांजलीसोबत. आम्ही एका बाकावर शिकलो. ती सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, बाळंतिणींच्या वॉर्डातच. ड्युटी संपवून थेट आली होती. आरतीला अजून वेळ होता. नाववाले हाका मारून राहिले होते. आम्ही खालच्या पायरीवर बसलो. लहानपणी पप्पा रविवारच्या उपासनेनंतर मला आणि मम्मीला इथेच आणत आणि फुटाणे घेऊन देत. नदीवर बसायला कुणी धर्म विचारत नाही, असं म्हणत.

गीतांजलीने विचारलं, तिथे बायका मरतात का गं? मी म्हटलं, मरतात. एकीची गोष्ट सांगितली. तुमचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. 'आमच्याकडची एकजण कालुंबाच्या सभेला गाडी घेऊन गेली होती,' असं सांगितलं.

तिने नर्ससारखेच प्रश्न विचारले. बाळ किती वाजता झालं? वार पूर्ण पडली होती का? सिस्टर एकटीच होती? मी सांगत गेले. मग ती म्हणाली, "आणि गाडीवालीला फोन काहून नाही केला?"

"नेटवर्क नव्हतं."

"सभेचे फोटो तर तू त्याच दिवशी टाकले होते. मी लाईक केलं होतं, मला आठवते. दुपारीच."

ती चिडून बोलली नाही. फुलांचा द्रोण विकणाऱ्या बाईशी जसं बोलत होती, तशीच बोलली. मग माझ्याकडे पाहिलं. मी 'एकजण' म्हटलं होतं, पण तिला कळलं होतं.

थोड्या वेळाने म्हणाली, "चलो, थंडी होऊन राहिली," आणि मला ऑटोत बसवून दिलं. बसवताना हात धरला नाही. एरवी धरते.

ताई, फोन वाजला होता. एक पन्नासला एकदा आणि दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा. दोन्ही वेळा तुमचं नाव दिसलं. पहिल्यांदा एक म्हातारा उभा राहून बोलत होता. बायको गेल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता, असं लोक म्हणाले. मी आवाज बंद केला. दुसऱ्यांदा फोन पिशवीत होता, पिशवी मांडीवर होती. तो थरथरलेला मला कळला. मनात म्हटलं, ताई रागावल्या असतील, उशीर झालाय, जाऊन ऐकून घेऊ. बाईचा विचार मनात आला नाही, असं मी पाच महिने स्वतःला सांगत होते. आला होता. पण मागचे हात वर यायला लागले होते.

ती तीनला गेली असेल, तर फोन उचलून लगेच निघाले असते तरी साडेतीनलाच पोचले असते. हे मी रोज एकदा मनात मांडून पाहते. रोज उत्तर तेच येतं, तरी पुन्हा मांडते.

तुम्हाला हे सगळं माहीतच आहे. फोन तुम्हीच केला होता. मग मी हे कुणाला सांगून राहिले आहे?

दीप्ती

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

विभावरीताई,

काल लिहिलं नाही. शहपुऱ्याहून पुंडलिककाका मटाराचं पोतं घेऊन आले होते. दिवसभर सोलले. पप्पा आणि काका फॅक्टरीच्या गोष्टी करत होते. मी मटार सोलत बसले होते. बरं वाटलं.

आज उरलेलं लिहिते.

मंगळवारच्या पत्रात मी लिहिलं की चौकशीत मला फार काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला होता. टेबलाच्या पलीकडे पाच जण. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला. अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, "सिस्टरांनी गाडी किती वाजेपर्यंत दिली होती?"

त्या सकाळी तुम्ही गाडी द्यायला तयार नव्हता. बाई कळा देत असली की गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, असा नियम तुम्हीच केला होता. मी हट्ट धरला. मुखिया पुन्हा बोलावणार नाही, म्हटलं. डोळ्यांत पाणीही आणलं. तुम्ही तिला तपासून बाहेर आलात आणि म्हणालात, "वेळ आहे तिला. पण एक वाजेपर्यंत. एक म्हणजे एक, दीप्ती." मी म्हटलं, "हो ताई, साडेबारालाच येते." आपण मराठीत बोललो होतो. यामिकानी तिथेच टायरची हवा पाहत होता, पण त्याला काही कळलं नाही. त्या दवाखान्यात मराठी आपल्या दोघींनाच येत होतं. इतर वेळी त्याची किती मजा वाटायची. माझ्या 'काहून'ला तुम्ही हसायच्या.

अध्यक्षांना मी सांगितलं, "वेळ ठरली नव्हती."

तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. त्यांनी विचारलं, सिस्टर, हे बरोबर आहे का? तुम्ही म्हणालात, "प्रमुख मी होते."

त्या वेळी मला वाटलं, तुम्ही मला वाचवलंत. दोन-तीन महिने असंच वाटत होतं, रात्रीच्या प्रार्थनेत त्यासाठी आभारही मानले. मग एकदा कपडे वाळत घालताना लक्षात आलं की तसं नव्हतं. माझ्यासारखीशी शब्दाला शब्द लावायचा नाही, एवढंच तुम्ही ठरवलं होतं.

परवा रविवार आहे. पाद्री साहेबांनी वीस मिनिटं दिली आहेत.

दीप्ती

शनिवार, २३ नोव्हेंबर

विभावरीताई,

पप्पांना सांगितलं.

ते अंगणात उद्यासाठी बुटांना पॉलिश करत होते. मी समोर स्टुलावर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं, फोनचं आणि चौकशीचंही. त्यांनी एक बूट पूर्ण केला, दुसरा घेतला. सांगून झाल्यावर म्हणाले, "अच्छा."

मग म्हणाले, "हे उद्या तिथं बोलणार आहेस?"

"हो."

"काहून? देवाला सांग. देवाला सांगितलं की झालं. लोकांचा काय संबंध?"

"पप्पा, चौकशीत मी लोकांसमोरच खोटं बोलले."

"ते लोक वेगळे. हे आपले लोक आहेत."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "तुझी मम्मी गेली, तू आली नाही. चार दिवस लोक येऊन विचारत होते, पोरगी कुठे आहे. मी प्रत्येकाला सांगितलं, देवाचं काम करून राहिली, येऊ नाही शकत. मोठ्या आवाजात सांगितलं मी. मान वर करून. आता त्यांनाच काय सांगू?"

मम्मीच्या वेळी मी काहून आले नाही, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि आजही विचारलं नाही. तेव्हा वर्गात बाप्तिस्म्याची तयारी करणारे नऊ जण होते आणि मी गेले तर ते पांगतील असं मला वाटत होतं. मी परत येईपर्यंत तुम्ही त्यांना सांभाळणार होतात. तुमच्यावर माझा भरवसा नव्हता, असं नाही. ते नऊ जण माझे म्हणून मोजले जावेत, असं मला वाटत होतं.

पप्पा जेवले नाहीत. दूध घेतलं.

दीप्ती

रविवार, २४ नोव्हेंबर

विभावरीताई,

झालं. जसं झालं तसं लिहिते.

पप्पा माझ्या आधी तयार होऊन फाटकाशी उभे होते. स्कूटरवर मला मागे बसवून नेलं. चर्चमध्ये ते नेहमी दुसऱ्या रांगेत बसतात, आज शेवटच्या रांगेत बसले.

मी हिंदीत बोलले. सुरुवात सभेपासूनच केली. आंबा, मुखिया, तो म्हातारा. लोक हसत होते, माना हलवत होते. सदतीसचा आकडा आला तेव्हा मागून कुणीतरी 'हालेलुया' म्हटलं. तिथेच थांबले असते तर सगळे खूश होऊन घरी गेले असते. आठ-दहा सेकंद मी खरंच थांबले. मग म्हटलं, "त्या वेळी माझा फोन वाजत होता."

पुढचं सात-आठ मिनिटांत संपलं. गाडी, एक वाजेपर्यंतची बोली, दोन फोन, बाई, चौकशी. तुमचं पूर्ण नाव घेतलं. म्हटलं, मेरे झूठ की वजह से सिस्टर विभावरी भांबळ का काम गया. रडले नाही. रडले असते तर लोकांना सोपं गेलं असतं, हे मला माहीत होतं. आता मला माफ करा, असंही म्हटलं नाही. काय म्हणून संपवायचं ते सुचेना, म्हणून 'बस, इतना ही' म्हटलं आणि खाली उतरले.

पाद्री साहेब उठले, एकशे चार नंबरचं गीत घ्या, म्हणाले. पेटीवाल्याला वही सापडेना. तो पानं उलटत होता तेवढा वेळ चर्चमध्ये दुसरा आवाज नव्हता.

बाहेर लोक पप्पांना भेटत होते. हात मिळवत होते, खांद्यावर हात ठेवत होते, घरात कुणी गेल्यावर भेटतात तसे. माझ्याकडे कुणी आलं नाही. पाद्री साहेब आले. म्हणाले, "दीदी, पहले बता देतीं तो अच्छा रहता." त्यांचं म्हणणं खरं होतं.

मग विनताकाकू आल्या. त्या पंचाहत्तरच्या आहेत, ऐकायला कमी येतं. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. त्या मराठीत म्हणाल्या, "त्या बाईचं नाव काय होतं?"

ताई, माझं बोलणं वीस मिनिटं चाललं. तुमचं नाव घेतलं, मुखियाचं घेतलं, ड्रायव्हरचंही घेतलं. तिचं घेतलंच नाही. मग घरी येऊन आठवून पाहिलं, तुम्हाला लिहिलेल्या कुठल्या पत्रातही नाही. सगळीकडे 'बाई'.

मी म्हटलं, "एस्नाती."

"एस्नाती," काकू म्हणाल्या. दोनदा म्हणून पाहिलं. मग तिथेच, दारात, चपला घालता घालता त्यांनी डोळे मिटले आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. माझ्यासाठी नाही केली. मी शेजारी उभी राहिले.

दीप्ती

सोमवार, २५ नोव्हेंबर

विभावरीताई,

कुणीतरी काल दुपारीच मंडळाला कळवलं. आज सकाळी दहाला अध्यक्षांचा फोन आला. ते शांत होते. म्हणाले, लेखी द्या. माझी नेमणूक आजपासून थांबवली आहे. चिसोम्बेच्या खोलीतलं माझं सामान ते पाठवून देतील. तिकडे जायची गरज नाही.

लेखी दिलं. सोबत प्रत जोडली आहे, म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते. त्यात दोनच परिच्छेद आहेत. पहिल्यात वेळ ठरली होती आणि ती मी मोडली, दुसऱ्यात मी चौकशीत काय खोटं सांगितलं. कारणं लिहिली होती, ती काढून टाकली. तुम्हाला परत घ्या असं मी लिहिलेलं नाही. तुम्हाला परत जायचं आहे की नाही, हे मला माहीत नाही आणि तुमच्या वतीने मी काही मागायचं आता राहिलेलं नाही.

पप्पा कालपासून बोलले नव्हते. आज संध्याकाळी मी भाजी चिरत होते, ते दारात येऊन उभे राहिले.

"त्या पोरीला कोण पाहते?"

"कोणत्या?"

"त्या एस्नातीच्या."

मी म्हटलं, तिची आजी असेल. असेल म्हणजे, पप्पांनी विचारलं. मला नक्की माहीत नव्हतं. तिचं घर दवाखान्यापासून चालत वीस मिनिटांवर आहे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी तिथेच होते. त्या वाटेने मी गेले नाही. सभेला जायचा रस्ता दुसरा होता.

पप्पा "हूं" म्हणाले आणि आत गेले. फ्रेम त्यांनी काढलेली नाही. मी काढायला गेले तर म्हणाले, राहू दे, मी पाहीन काय करायचं ते.

दीप्ती

राहुरी
२८ नोव्हेंबर २०२४

दीप्ती,

तुझी तीन पत्रं सोमवारी एकदम आली, बाकीची काल आणि आज. मी आधी उघडणार नव्हते. मग उघडली.

तू लिहिलं आहेस, चुकलं असलं तर सांगा. सांगते.

एस्नाती तीन वाजता गेली नाही. सव्वापाचला गेली. तीन वाजले असं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि केसपेपरवर माझ्याच हातचं सव्वापाच लिहिलेलं आहे. तू तो कधी पाहायला मागितला नाहीस. बाळ एक दहाला झालं. जिल्ह्याची अँब्युलन्स दुसरीकडे गेली होती. दुसऱ्या फोननंतर मी तीन तास मूठ आत घालून गर्भाशय दाबून धरलं होतं. ती मधूनमधून शुद्धीवर यायची आणि विचारायची, गाडी आली का. मी सांगायचे, येते आहे. पाचच्या सुमारास तिने विचारणं थांबवलं. तू पहिल्या फोनला निघाली असतीस तर साडेचारला ती जिल्ह्याच्या दवाखान्यात असती. ती वाचली असती असं मी म्हणत नाही. ती जिवंत पोचली असती.

चूक फक्त तुझी नव्हती. नियम मी केला होता आणि मीच मोडला. 'प्रमुख मी होते' हे मी खरं बोलले, तुला वाचवायला बोलले नाही. चष्मा पुसला तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे तुला कळलं असं समजू नकोस.

मी इथे एका छोट्या दवाखान्यात आहे. काम पुष्कळ आहे. परत जाणार नाही.

तू मला सात पत्रं लिहिलीस. मला लिहिणं सोपं आहे. मला मराठी येतं. एस्नातीच्या आईला काय सांगितलं गेलं आहे, तुला ठाऊक आहे का? देवाची इच्छा, असं सांगितलंय. तुमच्याच लोकांनी. आणि तू त्यांच्यातलीच आहेस. आईचं नाव न्यामगोंडो, चिसोम्बेच्या विहिरीपलीकडचं तिसरं घर. तिला वाचता येत नाही.

विभावरी भांबळ

महाराजपूर, जबलपूर
सोमवार, २ डिसेंबर

विभावरीताई,

तुमचं पत्र शनिवारी स्पीड पोस्टाने आलं. सव्वापाच. आता हिशेब मांडायचा राहिला नाही.

उद्या सकाळचं विमान आहे, डुमनाहून मुंबई आणि पुढे. तिकीट आधीच काढलेलं होतं, तिथे राहायचा परवाना मार्चपर्यंतचा आहे. मंडळाला कळवलं आहे की मी कामावर येत नाही, एका घरी भेटायला येते आहे. त्यांचं उत्तर आलं नाही. यामिकानीच्या बहिणीकडे राहीन. मग काय, ते ठरलेलं नाही.

पप्पांना सांगितलं. "जाऊन ये," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, अडवतील. सकाळपासून माझी बॅग भरून राहिले आहेत. ते भरतात, मी काढते, ते परत भरतात.

तुम्हाला मात्र एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती तुम्हालाच कळेल.

न्यामगोंडोला काय सांगायचं, ते मी काल तिच्या भाषेत लिहायला बसले. तीन वर्षं मी ती भाषा शिकले. पाप, तारण, क्षमा, अनंत जीवन, सगळे शब्द मला येतात, झोपेतसुद्धा. 'फोन वाजत होता आणि मी बंद केला' हे मला लिहिता येईना. 'मला उशीर झाला' हेही येईना. कधी गरजच पडली नव्हती. शेवटी यामिकानीला फोन लावला. त्याने विचारलं, "मॅडम, हे कुणाला सांगायचंय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग लिहून नका घेऊ. पाठ करा."

त्याने एकेक वाक्य तीनतीनदा म्हणून घेतलं. 'मला उशीर झाला' साठी एकच शब्द आहे, न्दिनाचेद्वा. मी त्याला म्हटलं, याचा अर्थ, उशीर झाला, असाच ना? तो म्हणाला, नाही. त्यात 'मी' आहे. सुरुवातीलाच आहे. मराठीत उशीर होतो, ताई. मला झाला, गाडीला झाला, सभेला झाला. तिच्या भाषेत तो करणारा माणूस आधी सांगावा लागतो, त्याशिवाय शब्द तोंडातून निघतच नाही.

दिवसभर म्हणून पाहते आहे. पप्पा दारातून ऐकत होते. म्हणाले, "काय पाठ करून राहिली?" मी अर्थ सांगितला. ते आत येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "पुन्हा म्हण. मधेच अडखळतेस तू."

दीप्ती